मनसर: नागार्जुनाच्या शोधात सापडलेला प्रवरेश्वर

१/
पावसाळा लागला की मनसरच्या हिडिंबा टेकडीची छायाचित्रे दरवर्षी फिरू लागतात. नागपूरहून जबलपूरच्या महामार्गाने सुमारे ४५ किलोमीटर, रामटेकच्या अलीकडे. गावालगत तलाव, तलावाकाठी हिरवीगार टेकडी आणि तिच्या अंगावर चढत गेलेले विटांचे टप्पे. छायाचित्र एकच असते, मथळे मात्र दोन. एका मथळ्यानुसार हे बोधिसत्त्व नागार्जुनाचे महाविहार असून त्याचा इतिहास हेतुपुरस्सर दडपला गेला. दुसऱ्यानुसार हे वाकाटकांचे शिवमंदिर असून त्यावर बौद्धांनी खोटा हक्क सांगितला.

२/
दोन्ही मथळे चुकीचे आहेत. पण ते सारख्याच मापाने चुकीचे नाहीत. पुराव्याच्या पुढे चार पावले टाकणे ही एक चूक आणि पुरावा समोर असताना डोळे मिटून घेणे ही दुसरी. पहिलीमागे बहुधा ओढ असते, दुसरीमागे बहुधा तुच्छता. हा धागा दोन्हींविषयी आहे; दुसरीविषयी थोडा अधिक.

३/
आधी नावाविषयी. हिडिंबेचा या टेकडीशी ऐतिहासिक संबंध काहीही नाही. ज्या अवशेषांचा कर्ता लोकांच्या स्मरणातून पुसला जातो, ते अवशेष आपल्याकडे पांडवांच्या नाहीतर राक्षसांच्या नावे जमा होतात. नाशिकची बौद्ध लेणी ‘पांडवलेणी’ झाली ती याच रीतीने. त्यामुळे ‘हिडिंबा’ या नावावरून एवढेच कळते की मध्यंतरी कित्येक शतके या विटा कोणाच्या हे सांगणारे तिथे कोणी उरले नव्हते. आज टेकडीवर हक्क सांगणाऱ्या दोन्ही पक्षांनी ही गोष्ट सर्वप्रथम मान्य करायला हवी. विसरले दोघेही होते.

४/
१९७२ साली मनसरला लाल वालुकाश्माची एक मूर्ती सापडली. स्थूल देह, ओठांवर मंद स्मित, कुरळ्या केसांचा राजस संभार. ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि वाकाटक शिल्पकलेचा विषय निघाला की तिच्या छायाचित्रावाचून पान हलत नाही. तिला सर्वसाधारणपणे शिव म्हटले जाते. हा शिव की शिवगण, यावर अभ्यासकांत चर्चा झाली आहे. ती बौद्ध मूर्ती नव्हे, याविषयी मात्र चर्चेला फारसा वाव नाही. म्हणजे टेकडीने आपली ओळख नव्वदच्या दशकातील उत्खननाच्या कितीतरी आधी अर्धीअधिक सांगून टाकली होती.

५/
तरीही मोठे उत्खनन व्हायला आणखी दोन दशके गेली. ते झाले ते नागपूरच्या बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्था व अनुसंधान केंद्रामुळे. या संस्थेमागे भदंत आर्य नागार्जुन सुरई ससाई होते: जन्माने जपानी, कर्माने नागपूरकर, बोधगयेच्या महाबोधी विहाराच्या आंदोलनातले अग्रणी. नागार्जुनाचे स्थान रामटेक–मनसरच्या परिसरात आहे, ही त्यांची श्रद्धा. उत्खननाचे नेतृत्व केले जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा यांनी. जोशी हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे माजी महासंचालक. धोलावीराचा शोध त्यांच्या नावावर आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेले हे काम २००४ पर्यंत चालले.

६/
श्रद्धेला नागार्जुन हवा होता. कुदळीला प्रवरेश्वर लागला.

७/
हे कसे ठरले, ते सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण वादात भाग घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते वाचलेले दिसते. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन हा दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता हिचा पुत्र. महाराष्ट्री प्राकृतातील ‘सेतुबंध’ काव्य त्याच्या नावावर आहे. त्याचे सुरुवातीचे ताम्रपट नंदिवर्धनहून, म्हणजे आजच्या नगरधनहून दिलेले आहेत, नंतरचे प्रवरपूरहून. राजाने आपल्या नावाने नवी राजधानी वसवली, हे उघड आहे. ती कुठे वसवली, हा प्रश्न होता. शिवाय काही ताम्रपटांत प्रवरेश्वराच्या देवस्थानाचाही उल्लेख येतो. राजाच्या नावाची राजधानी आणि राजाच्या नावाचा देव, अशी ही जोडी.

८/
वा. वि. मिराशींनी प्रवरपूर म्हणजे वर्धा जिल्ह्यातील पवनार, असे मत मांडले आणि ते पुढे अनेक दशके प्रमाण मानले गेले. मिराशी हे विदर्भाच्या प्राचीन इतिहासातले सर्वांत मोठे नाव. वाकाटकांच्या कोरीव लेखांचा त्यांचा १९६३ चा संग्रह आजही प्रत्येक अभ्यासकाच्या मेजावर असतो. पण मोठ्या माणसाचे मत हाही अखेर एक अंदाजच असतो आणि हा अंदाज मनसरच्या मातीने मोडीत काढला.

९/
मनसरच्या उत्खननात मातीचा एक मुद्राठसा मिळाला. त्यावर ‘प्रवरेश्वरस्य’ अशी अक्षरे आहेत. अर्थ सरळ आहे: प्रवरेश्वराचा. देवस्थानाच्या कारभारात वापरला जाणारा शिक्का जिथे सापडतो, तिथे किंवा तिथून फार दूर नव्हे, ते देवस्थान असणार. टेकडीवरचे टप्प्याटप्प्यांचे विटांचे मंदिर, जवळच सापडलेले मोठे निवासी संकुल, शैव मूर्ती आणि हा ठसा, या साऱ्यांची सांगड घालून डच अभ्यासक हान्स बाकर यांनी टेकडीवरचे मंदिर प्रवरेश्वराचे आणि खालचे संकुल प्रवरपूरचे असल्याचे प्रतिपादन केले. २००८ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये या एकाच विषयावर परिसंवाद झाला.

१०/
‘इतिहास दडपला’ म्हणणाऱ्यांना इथे एक प्रश्न विचारणे भाग आहे. दडपला कोणी? उत्खनन बौद्ध संस्थेने करविले. उत्खननकर्ते जोशी आणि शर्मा यांनी ‘पुरातत्त्व’ या नियतकालिकातील आपल्या लेखाच्या शीर्षकातच प्रवरपूरचा शोध लागल्याचे म्हटले. संस्थेच्याच उत्खननातून जे बाहेर आले ते अपेक्षेविरुद्ध असूनही प्रसिद्ध झाले. खरे तर ही अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे, आणि ती सांगायची सोडून तिच्यावरच दडपणुकीचा आरोप केला जातो. याहून आत्मघातकी युक्तिवाद शोधून सापडणार नाही.

११/
आता नागार्जुनाकडे. या दाव्याचा सारा भार युआन श्वांगवर, म्हणजे शाळेच्या पुस्तकातील ह्युएनत्संगवर आहे. सातव्या शतकातील हा चिनी यात्रेकरू कोसल देशाचे (दक्षिण कोसलाचे) वर्णन करताना एका पर्वताची हकिकत देतो. सातवाहन राजाने नागार्जुनासाठी तिथे संघाराम बांधविला. काम अर्ध्यावर असताना खजिना संपला. तेव्हा नागार्जुनाने औषधी रस शिंपडून खडकांचे सोने केले. पाच मजले, प्रत्येक मजल्यावर दालने, सुवर्णाच्या बुद्धप्रतिमा. पर्वताचे नाव चिनी लेखनात ‘पो-लो-मो-लो-कि-ली’ असे येते.

१२/
हे वर्णन वाचताना एक शब्द ओलांडून जाता येत नाही: खडक. युआन श्वांग सांगतो ते खडक फोडून, डोंगराच्या पोटात कोरलेल्या विहाराविषयी. त्याच्या दोनशेहून अधिक वर्षे आधी आलेल्या फाहियाननेही दक्षिणेतल्या अशाच एका पाच मजली विहाराची ऐकीव हकिकत नोंदवली आहे. मजल्यांना हत्ती, सिंह, घोडा, बैल आणि कबुतर यांचे आकार, आणि सारे एका प्रचंड पाषाणातून खोदलेले. तो तिथे गेला नव्हता. वाट बिकट असल्याचे त्याने स्वतःच लिहिले आहे.

मनसरला काय आहे? विटा. टेकडीचा माथा उंचावण्यासाठी विटांच्या चौकोनी कप्प्यांत भराव घातलेला आहे आणि त्यावर मंदिर उभे केलेले आहे. बांधीव वास्तूचा तो उत्तम नमुना आहे. कोरीव वास्तूचा नव्हे. ज्या साक्षीदाराच्या भरवशावर दावा उभा आहे, तोच साक्षीदार दाव्याच्या विरुद्ध बोलतो आहे.

१३/
शिवाय या पर्वताचे उमेदवार काही एकटे मनसर नाही. चिनी अक्षरांवरून मूळ नाव ‘भ्रमरगिरी’ असावे असे काहींनी मानले आणि भ्रमरांबेचे स्थान असलेल्या आंध्रातील श्रीशैलाकडे बोट दाखवले. ओडिशात ते ‘परिमलगिरी’ वाचले गेले आणि गंधमार्दन पर्वताला नागार्जुनाचे विद्यापीठ लाभले. एकाच चिनी नावातून प्रत्येक प्रांताने आपापला डोंगर काढला. तिबेटी परंपरेत, चौदाव्या शतकातील बु-स्तोनच्या ग्रंथात, नागार्जुनाचा जन्म विदर्भात झाल्याचे येते, हे खरे. पण तो ग्रंथ नागार्जुनानंतर हजाराहून अधिक वर्षांनी लिहिलेला आहे. त्याच्या फार आधीचे, कुमारजीवाच्या नावावरचे चिनी चरित्र केवळ दक्षिण भारत म्हणते. त्यातून विदर्भाचा एखाद्या टेकडीवर हक्क सिद्ध होत नाही. फार तर विदर्भाचे नाव त्या आठवणीत कुठेतरी होते, एवढे म्हणता येते. तेही कमी नाही.

१४/
इथवर वाचून दुसऱ्या पक्षाने टाळ्या वाजवल्या असतील, तर त्या आवरत्या घ्याव्यात.

१५/
‘बुद्ध शोधायला गेले आणि शिव सापडला’ या टिंगलीचे उत्तर एका वाक्यात देता येते: ते शोधायला गेले म्हणूनच सापडला. १९७२ ची मूर्ती दिल्लीला गेल्यावर त्या टेकडीखाली काय आहे, हे पाहण्याची निकड कोणत्या शैव मठाला, कोणत्या देवस्थानाला, कोणत्या संस्कृतिरक्षकाला वाटली? वाकाटकांचे आजचे स्वयंघोषित वारसदार तेव्हा कुठे होते? विदर्भातल्या एका सम्राटकुलाची राजधानी आणि त्याचे मंदिर जगाला परत मिळाले ते एका भिक्खूच्या हट्टामुळे, तेही त्याची मूळ समजूत चुकीची असताना. टिंगल करणाऱ्यांनी निदान आभार तरी मानावेत.

१६/
आणि आता त्या पक्षाच्या लाडक्या निष्कर्षाकडे. मनसरला नागार्जुन नाही, सबब विदर्भात बौद्ध धर्म नव्हताच. जो आला तो १९५६ साली दीक्षाभूमीवर. हे विधान इतक्या सहजतेने केले जाते की जणू मनसर हा विदर्भातला एकमेव उकिरडा आणि तो उपसून झाला आहे.

प्रत्यक्षात रामटेक–नगरधनच्याच परिसरात हमलापुरी नावाचे गाव आहे. तिथे बुद्धाच्या तीन धातुमूर्ती सापडल्या. अ. प्र. जामखेडकर यांनी त्या १९८० च्या दशकात अभ्यासकांसमोर आणल्या. काळ वाकाटकांचाच. म्हणजे ज्या दिवसांत मनसरच्या मंदिरात प्रवरेश्वराची पूजा चालली होती, त्याच सुमारास त्याच राजधानीच्या परिसरात कोणीतरी बुद्धमूर्तीपुढे दिवा लावत होते. नागार्जुनाचे विद्यापीठ नव्हे, सोन्याचे खडक नव्हेत. हातात मावतील अशा तीन मूर्ती. पण या तीन मूर्तींसाठी चिनी यात्रेकरूची साक्ष काढावी लागत नाही.

१७/
यात वाकाटकांना अवघडल्यासारखे झाले असते, असे मानण्यास आधार नाही. प्रवरसेनाची आई विष्णुभक्त. तिचा रिद्धपूर ताम्रपट रामगिरिस्वामीच्या पायांपासून दिलेला आहे, आणि रामगिरी म्हणजे रामटेक. मुलगा शिवभक्त, त्याचे मंदिर मनसरला. दोन टेकड्यांमध्ये जेमतेम पाच-सहा किलोमीटरचे अंतर. त्याच वंशाच्या वत्सगुल्म, म्हणजे वाशीमच्या शाखेतील हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे भिक्षुसंघाला दिले आणि तिथल्या लेखात वाकाटकांची वंशावळ कोरली. वाकाटकांचा झेंडा हाती घेऊन बौद्धांना हिणवणाऱ्यांनी अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याच्या व्हरांड्यात एकदा उभे राहून यावे.

१८/
याहून जुने आणि याहून भक्कम हवे असेल, तर भंडारा जिल्ह्यातील पवनी. वैनगंगेच्या काठी, तटबंदी आणि खंदकाने वेढलेले प्राचीन नगर. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तिथे उत्खनन केले; शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांचा अहवाल १९७२ मध्ये विद्यापीठाने छापला. होय, तेच जोशी. मनसरच्या आधी तीन दशके त्यांनी पवनीला जे बाहेर काढले, त्याला ‘दावा’ म्हणण्याची कोणाची प्राज्ञा नाही: मौर्य–सातवाहन काळातले विटांचे स्तूप, त्यांतल्या मोठ्यांचा विस्तार सांचीच्या महास्तूपाच्या तोडीचा, प्रदक्षिणापथ, दगडी वेदिकेचे स्तंभ आणि त्यांवर ब्राह्मी अक्षरांत कोरलेली दानकर्त्यांची नावे.

१९/
पवनीच्या एका स्तंभावर मुचलिंद नाग कोरलेला आहे आणि शेजारी त्याचे नावही. बोधीनंतरच्या वादळात बुद्धावर फणा धरणारा तो हा नाग.

या शिल्पाविषयी एक सावधगिरी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात नागपूरच का निवडले, याचे कारण सांगितले होते: बौद्ध धर्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांची ही भूमी. तेव्हा पवनीचे उत्खनन व्हायचे होते. त्यामुळे पवनीचा नाग पाहून अनेकांना बाबासाहेबांचे म्हणणे सिद्ध झाल्यासारखे वाटते. ते तसे सिद्ध होत नाही. मुचलिंद बौद्ध कथेतला आहे आणि भारतभर कोरला गेला आहे, त्यावरून नाग नावाच्या जनसमूहाविषयी काही ठरत नाही. पण त्या भाषणातला जो गाभा आहे, की विदर्भाच्या मातीला बुद्ध परका नाही, त्याला पवनीने पुरातत्त्वाचा आधार दिला. त्यासाठी नागाची गरज नव्हती. स्तंभांवर नावे कोरून ठेवणारे साधे दाते पुरेसे होते.

२०/
पवनीचे छायाचित्र मात्र पावसाळ्यात फिरत नाही. तिथल्या मुख्य स्तूपाचे आजचे नाव जगन्नाथ टेकडी, कारण स्तूपावर जगन्नाथाचे मंदिर आहे. एका पक्षाला ही अडचणीची गोष्ट वाटते, म्हणून तो गप्प. दुसऱ्या पक्षाचे लक्ष नागार्जुनाच्या सोन्यात गुंतलेले, म्हणून तोही पवनीची आठवण क्वचितच काढतो. जिथे पुरावा निर्विवाद आहे तिथे शांतता, जिथे तो विवाद्य आहे तिथे रणकंदन. विदर्भाच्या बौद्ध इतिहासाचे यात जे नुकसान झाले आहे, ते कोणत्याही विरोधकाला जमले नसते.

२१/
मग मनसरला बौद्ध काही नाहीच का? हा प्रश्न खरा आहे, आणि तो अजून मिटलेला नाही. उत्खननकर्त्यांनी मंदिराखालच्या, वाकाटकपूर्व थरांत बौद्ध वास्तूंचे, स्तूपाचे अवशेष असल्याचे म्हटले. बाकर यांना ते पटलेले नाही. ज्या विटांच्या कप्प्यांत स्तूपाची रचना वाचली गेली ती मंदिराच्या भरावाची असू शकते, अशी ही शंका आहे. दोघेही तज्ज्ञ, दोघांचीही बाजू ऐकण्याजोगी. फरक इतकाच की पवनीला दानलेख बोलतात. मनसरविषयीच्या वादात असा बोलका लेख आधार म्हणून पुढे येत नाही. तो उद्या मिळाला तर चित्र बदलेल, आणि बदलायलाच हवे.

टेकडीच्या पोटात चुन्याची एक मानवाकृती पुरलेली सापडली, तिच्याविषयीही असेच. यज्ञातील पुरुष, वास्तुपुरुष, अशी तिची उकल बाकर यांनी वैदिक विधींच्या आधारे केली. काही जणांनी तिला सरसकट नरबळी ठरवून त्यावर सनातन क्रौर्याचे प्रवचन दिले. इतरांनी तिला वैदिक संस्कृतीचा अक्षय पुरावा म्हणून डोक्यावर घेतले. वस्तुतः ती बांधकामाच्या आरंभीच्या विधीतील आकृती असावी, एवढेच संयमाने म्हणता येते. चुन्याच्या माणसालाही या वादात पक्ष घ्यायला लावण्यात आले.

२२/
युआन श्वांगच्या हकिकतीचा एक भाग दोन्ही पक्ष सोयीने वाचतात. तो सांगतो की पुढे त्या विहारातले भिक्षू आपसांत भांडले आणि निवाडा मागायला राजाकडे गेले. ही संधी साधून ब्राह्मणांनी विहार उद्ध्वस्त केला, वाट बंद केली, आणि नंतर त्याचे दारही कोणाला सापडेना. ‘दडपला’वाले यातला उत्तरार्ध उद्धृत करतात आणि पूर्वार्ध गाळतात. टिंगलवाले सारे कथानकच दंतकथा म्हणून झटकतात. पण तेच लोक इतरत्र याच यात्रेकरूचा शब्द प्रमाण मानतात. सातव्या शतकात कोसलात अशी गोष्ट सांगितली जात होती, हे ऐतिहासिक सत्य आहे. भिक्षूंना हुसकावून लावल्याची स्मृती त्या प्रदेशात होती, हेही. ती मनसरच्या टेकडीची स्मृती आहे, असे मात्र हकिकतीत कुठेही नाही.

२३/
एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. ज्या समाजाला शतकानुशतके इतिहासच नाकारला गेला, त्याने एखाद्या टेकडीवर थोडा जास्तीचा हक्क सांगितला तर बिघडले कुठे? इतिहासाचे माप त्यालाच इतके काटेकोर का?

बिघडते ते असे. मनसरवरचा अतिरिक्त दावा एकदा खोडला गेला की त्याच्या बळावर पवनी, हमलापुरी, अजिंठा यांनाही ‘तुमचे नेहमीचेच’ म्हणून बाजूला सारता येते. खोट्या नाण्यामुळे खऱ्या नाण्याकडेही संशयाने पाहिले जाते, आणि तो संशय भोगावा लागतो तो नाकारल्या गेलेल्यांनाच. ज्यांनी नाकारले त्यांना नव्हे. माप काटेकोर हवे ते म्हणूनच. आणि हेच माप प्रवरेश्वराच्या भक्तांनाही लावायचे आहे: एका मुद्राठशावरून एक मंदिर सिद्ध होते, अख्ख्या प्रदेशाचा धर्म सिद्ध होत नाही.

२४/
नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे जुन्या अजबबंगल्यात, देवटेकचा शिलालेख आहे. देवटेक हे चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळचे गाव. एकाच शिळेवर दोन लेख. जुना अशोककालीन ब्राह्मीत, प्राकृतात: प्राणी पकडू नयेत, मारू नयेत, असा ‘चिकंबरी’ येथल्यांना दिलेला आदेश. त्यानंतर पाचशेहून अधिक वर्षांनी त्याच शिळेवर कोरलेला संस्कृत लेख वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याच्या धर्मस्थानाचा. त्यातही गावाचे नाव येते, ‘चिक्कंबुरी’. मिराशींनी ते गाव ओळखले. देवटेकच्या शेजारचे चिकमारा. ते आजही तिथेच आहे.